बँकॉकहून सिंगापूरला विमानाने: अंतर, वेळ आणि तीन घड्याळांचा हिशेब

आई-बाबा बँकॉक फिरून तिथूनच सिंगापूरला ताईकडे जाणार होते. तिकिटावर विमान सुटण्याची वेळ सकाळी १०:०० आणि पोहोचण्याची दुपारी १:२५. बाबांनी वजाबाकी केली आणि वहीत लिहिलं, ‘प्रवास ३ तास २५ मि.’ त्यांची साखरेची गोळी जेवणाआधी असते, म्हणून गोळी आणि डबा दोन्ही विमानात उघडायचं त्यांनी ठरवून टाकलं. परतीच्या तिकिटावर १०:०० ते ११:२५ असं पाहिल्यावर मात्र ते थबकले. मग स्वतःच उत्तर दिलं, “येताना वारा पाठीशी असेल.”

वाऱ्याचा तिथे काही संबंध नव्हता. जातानाही दोन तास पंचवीस मिनिटं आणि येतानाही तेवढीच. फरक होता तो दोन शहरांच्या घड्याळांचा. बाबा आयुष्यभर हिशेब ठेवलेला माणूस, तरी चुकले, कारण हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलंच नव्हतं. आपल्याकडून थायलंड आणि सिंगापूर एकाच सहलीत करणारी कितीतरी कुटुंबं असतात, त्यात वयस्कर माणसंही असतात. त्यांच्यासाठी हा हिशेब पहिल्यापासून मांडते.

ज्यांना फक्त आकडे हवेत त्यांच्यासाठी आधीच सांगते. बँकॉक ते सिंगापूर सरळ हवाई अंतर सुमारे १,४१५ किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास ८८० मैल. विमान प्रत्यक्ष हवेत साधारण दोन तास असतं. वेळापत्रकात हा प्रवास २ तास २० मिनिटं ते २ तास ३५ मिनिटं असा दिसतो. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे. आणि हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत सव्वासात तास धरले तर जिवाला घोर लागत नाही.

आधी विमानतळ कोणता ते बघा

सिंगापूरला प्रवासी विमानांसाठी चांगी हेच नाव लक्षात ठेवलं की पुरतं. बँकॉकला मात्र दोन विमानतळ आहेत, आणि तिकीट काढताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पहिला सुवर्णभूमी. नाव संस्कृत, आपल्याला सहज वाचता येतं, पण थाई लोक उच्चार करतात ‘सुवन्नफूम’ असा काहीसा. टॅक्सीवाल्याला ‘सुवर्णभूमी’ म्हटलं तर तो गोंधळू शकतो, तेव्हा तिकीट दाखवावं. हा २८ सप्टेंबर २००६ रोजी सुरू झाला. मुंबईहून जाणारी बहुतेक विमानं इथेच उतरतात. तिकिटावर याचं चिन्ह बीकेके.

दुसरा डॉन मुआंग, शहराच्या उत्तरेला, फार जुना. सुवर्णभूमी सुरू झाल्यावर तो मागे पडला होता, पण पुढे स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनी त्याला पुन्हा गजबजून टाकलं. तिकिटावर चिन्ह डीएमके. सिंगापूरची विमानं दोन्हीकडून सुटतात.

दोन्ही विमानतळांमध्ये रस्त्याने ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि मधे बँकॉकची वाहतूक. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला एजंटने मुंबई-बँकॉक आणि बँकॉक-सिंगापूर अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढून दिली, मधे तीन तास. कागदावर तीन तास भरपूर दिसतात. पण उतरायचं सुवर्णभूमीला आणि पुढचं विमान डॉन मुआंगहून! वेगळी तिकिटं म्हणजे सामान आपोआप पुढे जात नाही. इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून थायलंडमध्ये रीतसर प्रवेश करायचा, पट्ट्यावरून बॅग उचलायची, रस्ता कापायचा आणि दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून चेक-इन. त्यांचं विमान गेलं. नवीन तिकिटं जागेवर काढावी लागली. एजंटचं म्हणणं एकच, “दोन्हीकडे बँकॉकच लिहिलंय की.”

म्हणून तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, तीन अक्षरी चिन्ह वाचा. दोन्ही विमानतळांमध्ये पुढचं तिकीट दाखवल्यावर फुकट नेणारी बस आहे, पण तिच्या भरवशावर तीन तासांचं कनेक्शन घेऊ नये. विमानतळ बदलायचा असेल तर मी सहा तासांच्या खाली जाणार नाही.

अंतर स्वतः काढून बघा

हे शाळेतल्या भूगोलाचं आणि पायथागोरसचं काम आहे. मुलांना हाताशी घेऊन करा, नकाशाबद्दलची त्यांची भीती जाते.

सुवर्णभूमी विमानतळ १३.६९ अंश उत्तर, १००.७५ अंश पूर्व. चांगी १.३६ अंश उत्तर, १०३.९९ अंश पूर्व.

अक्षांशांतला फरक १२.३३ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. गुणाकार केला की उत्तर-दक्षिण अंतर आलं १,३६९ किलोमीटर.

रेखांशांतला फरक ३.२४ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून इथे १११ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. मधला अक्षांश साडेसात अंश, त्याची कोसाइन ०.९९. विषुववृत्त जवळ असल्यामुळे फरक नाममात्र पडतो. पूर्व-पश्चिम अंतर आलं ३५६ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण मांडा. १,३६९ चा वर्ग १८,७४,१६१. ३५६ चा वर्ग १,२६,७३६. बेरीज २०,००,८९७. वर्गमूळ जवळपास १,४१५. झालं अंतर! पृथ्वी गोल असल्यामुळे लांबच्या प्रवासांना, म्हणजे मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या, ही रीत चालत नाही. पण एवढ्या टप्प्याला आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ ती छान चालते.

हीच रीत डॉन मुआंगला लावली (१३.९१ उत्तर, १००.६१ पूर्व) तर सुमारे १,४४० किलोमीटर येतात. म्हणजे पंचवीस किलोमीटर जास्त. विमानाला ते दोन मिनिटांचंही काम नाही. त्यामुळे कोणता विमानतळ जवळचा पडतो हे सिंगापूरच्या अंतरावरून ठरवू नका, बँकॉकमधलं तुमचं हॉटेल कुठे आहे त्यावरून ठरवा.

अंदाज यावा म्हणून सांगते: मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर आहे. बँकॉक-सिंगापूर त्याहून अडीच-पावणेतीनशे किलोमीटरने जास्त. मुंबई-बँकॉक मात्र ३,००० किलोमीटरच्या घरात जातं आणि मुंबई-सिंगापूर ३,९०० च्या.

सरळ रेषा नकाशावर आखली तर ती बँकॉकहून दक्षिणेला, जराशी पूर्वेकडे कललेली जाते. अर्ध्याहून जास्त वाट थायलंडच्या आखातावरून. मग मलेशियाचा पूर्व किनारा: कोटा भारू उजव्या हाताला ठेवून तेरेंगानू, कुआंतान, शेवटी जोहोर आणि त्याला चिकटून सिंगापूर. प्रत्यक्ष विमान अगदी याच रेषेवरून जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, आणि वाटेत बँकॉक, क्वालालंपूर आणि सिंगापूर अशी तीन नियंत्रण क्षेत्रं लागतात. एकाने दुसऱ्याच्या हाती विमान सोपवायचं. त्यामुळे कापलेलं अंतर सरळ रेषेपेक्षा थोडं जास्तच भरतं.

खिडकीची हौस असेल तर जाताना सकाळी ऊन डाव्या बाजूला येतं, दुपारनंतर उजव्या. मला स्वतःला जाताना उजवी खिडकी आवडते, किनारा त्या बाजूला दिसत राहतो. आकाश स्वच्छ असेल तर आखाताचं निळं संपून मलेशियाची गर्द हिरवी किनारपट्टी सुरू होते ती जागा नजरेत भरते.

१,४१५ किलोमीटरला दोन तास पंचवीस मिनिटं का?

या मार्गावर बरीच विमानं ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीची असतात. उंचीवर स्थिरावल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. काही फेऱ्यांना मोठी विमानं असतात, ती ताशी ९०० पर्यंत जातात. १,४१५ ला ८३० ने भागलं तर एक तास बेचाळीस मिनिटं येतात. मग उरलेली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात कुठे?

पहिली गोष्ट, विमान चढताना आणि उतरताना तो वेग नसतो. एवढ्या छोट्या टप्प्यात चढण-उतरणीचा वाटा मोठा असतो. त्यात सिंगापूरसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरण्याआधी रांगेत लागावं लागतं. त्याचे पंधरा-वीस मिनिटं धरा. हवेतला वेळ झाला दोन तास.

दुसरी गोष्ट, वेळापत्रकातली वेळ धावपट्टीवरून मोजत नाहीत. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथून घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर गेटला लागून थांबलं की बंद. या मोजणीला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. जमिनीवरचं सरपटणं, धावपट्टीच्या तोंडाशी वाट बघणं, सगळं त्यात आलं. सुवर्णभूमीच्या धावपट्ट्या चार-चार किलोमीटरच्या घरातल्या, तिथपर्यंत जायलाच दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. चांगीला उतरल्यावर पुन्हा तसंच.

म्हणूनच कुठल्या संकेतस्थळावर ‘२ तास’ दिसतं, कुठे ‘२ तास ३० मिनिटं’. दोन्ही बरोबर असतात. एकाने हवेतला वेळ दिलेला असतो, दुसऱ्याने ब्लॉक टाइम. आपण नेहमी मोठा आकडा धरावा.

आता बाबांच्या वाऱ्याबद्दल. मुंबई-लंडनसारख्या प्रवासात जाता-येतानाच्या वेळेत खरोखरच फरक पडतो, कारण तिथे वरच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. बँकॉक-सिंगापूर हा प्रवास उत्तर-दक्षिण आहे आणि विषुववृत्ताच्या पट्ट्यातला आहे. तिथे वारा बहुधा बाजूने लागतो, पाठीशीही नसतो आणि समोरही नसतो. म्हणून दोन्ही दिशांना वेळ जवळजवळ सारखा.

ऋतूप्रमाणे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, आणि त्याचं कारण मोठं छान आहे. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. दोन्ही विमानतळांच्या धावपट्ट्या उत्तर-दक्षिण आहेत. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मान्सून असतो. तेव्हा बँकॉकहून विमान बहुधा उत्तरेकडे तोंड करून उडतं आणि वळसा घेऊन दक्षिणेला लागतं. सिंगापूरला तर त्याला आधी बेटाच्या दक्षिणेला जाऊन, वळून, उत्तरेकडे तोंड करून उतरावं लागतं. जून ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून असताना हे दोन्ही वळसे बहुधा वाचतात.

पण नैऋत्य मान्सूनमध्ये पहाटे-सकाळी सुमात्राकडून वादळी पावसाच्या रांगा सिंगापूरवर चाल करून येतात, त्यांना तिथे ‘सुमात्रा स्क्वॉल’ म्हणतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारची गडगडाटी वादळं. तशात विमान हवेतच घिरट्या घालत थांबतं. पुढे कनेक्शन असेल तर या महिन्यांत मोकळा वेळ वाढवून ठेवा.

तीन घड्याळं

भारत, थायलंड, सिंगापूर. थायलंड आपल्या दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास पुढे. तिन्ही देशांत उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे हे दोन आकडे एकदा पाठ केले की वर्षभर चालतात.

बाबांना मी जी रीत शिकवली ती सगळ्यांना सांगते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

बँकॉक सकाळी १०:०० म्हणजे भारतात ८:३०. सिंगापूर दुपारी १:२५ म्हणजे भारतात १०:५५. फरक २ तास २५ मिनिटं.

परतीला सिंगापूर सकाळी १०:०० म्हणजे भारतात ७:३०. बँकॉक ११:२५ म्हणजे भारतात ९:५५. फरक पुन्हा २ तास २५ मिनिटं.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे. घरी फोन कधी करायचा, घरी गोळी घेतो ती वेळ इथे कधी येते, हे सगळं त्याच ओळीत दिसतं. बाबांच्या वहीत मग तीन रकाने आले: भारत, बँकॉक, सिंगापूर. औषधांच्या वेळा किती सरकवायच्या हे त्यांनी तो कागद पुढे ठेवून डॉक्टरांना विचारून घेतलं. डॉक्टरांनाही उत्तर देणं सोपं गेलं.

रात्रीच्या विमानात तारखेचा घोटाळा होतो. बँकॉकहून रात्री १०:३० ला निघालात तर सिंगापूरला पोहोचाल १:५५ ला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. हॉटेल मात्र आदल्या तारखेपासून हवं, नाहीतर पहाटे दोन वाजता बॅगा घेऊन लॉबीत बसावं लागेल. आणि सिंगापूर प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मवर पोहोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची टाकायची.

सिंगापूर इतकं जवळ असून एक तास पुढे का, हा प्रश्न बाबांनी लगेच विचारला. सिंगापूर १०४ रेखांशावर आहे. पंधरा अंशांना एक तास या हिशेबाने तिथे ग्रीनिचपेक्षा सात तास पुढची वेळ यायला हवी, म्हणजे बँकॉकचीच. पण मलेशियाने आपला द्वीपकल्पाचा भाग आणि साबा-सारावाक यांचं घड्याळ एक करायचं ठरवलं. ३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री साडेअकरा वाजता घड्याळं अर्धा तास पुढे सरकवून थेट १ जानेवारी १९८२ सुरू केला. शेजाऱ्याशी रोजचा व्यवहार असलेल्या सिंगापूरनेही तेच केलं. म्हणून सिंगापूरला सूर्य वर्षभर सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेसहाला तिथे अजून अंधार असतो. पहाटे उठून फिरायला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी हे ध्यानात ठेवावं.

दारापासून दारापर्यंत

समजा तुम्ही बँकॉकच्या फाया थाई भागात उतरला आहात आणि विमान सुवर्णभूमीहून सकाळी १० चं आहे. सात वाजता निघा. फाया थाईहून एअरपोर्ट रेल लिंक ही गाडी अर्ध्या तासाच्या आत विमानतळाच्या तळघरात नेऊन सोडते. भाडं अंतराप्रमाणे, फार तर ४५ बात (थाई चलन). गाडी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते, म्हणून सकाळी सहा-सातच्या विमानाला ती उपयोगाची नाही, टॅक्सी सांगून ठेवावी लागते. डॉन मुआंगला जायचं असेल तर क्रुंग थेप अफिवात या मोठ्या स्टेशनवरून गडद लाल मार्गाची गाडी विमानतळापाशी थांबते. ऑफिसच्या वेळेत बँकॉकच्या रस्त्यावर टॅक्सीने जाण्यापेक्षा मी नेहमी रुळावरचं वाहन सुचवेन.

साडेसातला विमानतळावर. चेक-इन, सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन. गेटं लांब असतात, वयस्करांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. दहाला विमान, १:२५ ला चांगी. इमिग्रेशन आणि सामान मिळून पाऊण तास. मग एमआरटी, म्हणजे सिंगापूरची मेट्रो.

चांगीचं एमआरटी स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. टर्मिनल ४ मात्र वेगळं पडलंय, तिथून आधी बस घ्यावी लागते. त्याची पंधरा-वीस मिनिटं वेगळी धरा. स्टेशनवर वेगळं तिकीट काढायची गरज नाही, टॅप होणारं आंतरराष्ट्रीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. पुढचंच स्टेशन एक्स्पो, त्यापुढे ताना मेरा, दोन्हीकडे गाडी बदलता येते. शहराच्या मध्यात पोहोचायला सगळं धरून तासभर. रात्री अकरानंतर गाड्या संपत येतात, तेव्हा टॅक्सी.

हॉटेलला पोहोचेपर्यंत सव्वातीन वाजतात. सातला निघून सव्वातीन म्हणजे सव्वाआठ तास, त्यातून घड्याळाचा एक तास वजा, खरे लागले सव्वासात. हवेत दोन तास, बाकी सगळं जमिनीवर. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी एखादं उद्यान किंवा नदीकाठ ठेवा, दुपारची महागडी तिकिटं आधी काढून ठेवू नका.

मलेशियातून रेल्वेनेही जाता येतं. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने सरहद्दीवरचं पाडांग बेसार, तिथून क्वालालंपूर, पुढे जोहोर बाहरू आणि तिथून पाच मिनिटांची शटल वुडलंड्सला. मधे मुक्काम करत गेलं तर सुंदर प्रवास आहे, पण किमान दोन दिवसांचा. वेळ मोजायचा असेल तर विमानच.

कागदपत्रं

इथे थोडक्यात सांगते, कारण नियम बदलत राहतात आणि तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघणंच बरं. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो निघण्याआधी हातात हवा. थायलंडमध्ये १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. सिंगापूरलाही एसजी अरायव्हल कार्ड आहे. दोन्ही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची, दोन्ही फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही एवढं समजा.

बॅग भरताना एक गोष्ट फार कळकळीने सांगते. सिंगापूरमध्ये खायच्या तंबाखूला बंदी आहे. गुटखा, मावा, तंबाखूची पुडी, काहीही नको. सिगारेटवर सवलत नाही, एक पाकीट नेलं तरी जाहीर करून कर भरावा लागतो. व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, दोन्ही देशांत मनाई. बरोबरच्या काका-मामांच्या खिशात सवयीने पुडी राहून जाते, निघायच्या आदल्या रात्री त्यांना प्रेमाने विचारून घ्या.

स्वस्त विमानांत केबिन बॅगेचं वजन खरोखर करतात. काही कंपन्या ७ किलो देतात, काही १०. मुंबईहून निघालेल्या मोठ्या विमानात चाललेली बॅग या छोट्या टप्प्यावर अडते आणि काउंटरवर पैसे भरण्यात वीस मिनिटं जातात. सामानाचे पैसे तिकीट काढतानाच भरलेले स्वस्त पडतात.

परतीचा दिवस

परतीला चांगीवर एक वेगळेपण आहे. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये हातातल्या सामानाची सुरक्षा तपासणी गेटपाशी होते. आपल्याकडे ती आधीच उरकलेली असते, म्हणून आपण दुकानांत निवांत रेंगाळतो आणि गेटवर ऐनवेळी रांग लागलेली दिसते. पाण्याची बाटलीही तिथेच रिकामी करावी लागते. विमान सुटण्याच्या तासभर आधी गेटच्या दिशेने निघा.

बँकॉकहून पुढे मुंबईचं विमान असेल तर घड्याळातला परत मिळालेला तास फसवतो. सिंगापूरहून १० ला निघून ११:२५ ला बँकॉकला उतरलात आणि मुंबईचं विमान दुपारी २ चं आहे, तर मधे दोन तास पस्तीस मिनिटं आहेत, चार तास नाहीत. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील आणि सामान थेट मुंबईला जाणार असेल तर हे चालून जातं. वेगळी तिकिटं असतील तर पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा पट्टा, पुन्हा काउंटर आणि त्यासाठी थायलंडचं अरायव्हल कार्डही नव्याने भरलेलं हवं. अशा वेळी चार तासांच्या खाली जाऊ नका.

फोनचं घड्याळ विमानात आपोआप बदलत नाही. एअरप्लेन मोड काढून तिथलं नेटवर्क मिळालं की मगच ते सरकतं. बाबा आता एचएमटीचं हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवतात आणि भिंतीवरच्या घड्याळांकडे बघून मनात दीड किंवा अडीच वजा करतात. मागच्या फेरीत चांगीच्या गेटवर शेजारच्या एका आजींनी त्यांना विचारलं, “किती वाजता पोहोचू हो?” बाबांनी खिशातून तीन रकान्यांचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला.